आमचे संशोधन कोणत्या शाखेत बसते?

संशोधनासाठी नाव नोंदवायला विद्यापीठाच्या कचेरीत गेलेल्या मुलाला आधी विषय विचारत नाहीत, शाखा विचारतात. अभियांत्रिकी की समाजशास्त्रे? एकदा शाखा ठरली की त्याचा मार्गदर्शक ठरतो, त्याचे ग्रंथालय ठरते, त्याची परिभाषा ठरते. एवढेच काय, त्याने कोणाबरोबर चहा प्यायचा हेही ठरते. ज्याचा प्रश्न या चौकटीत मावत नाही त्याने तो कापून आणावा असा रिवाज आहे. दलित समाजातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न बहुधा मावत नाही. तो का मावत नाही आणि कापताना त्यातले नेमके काय जाते, याचा थोडा इतिहास मला येथे मांडायचा आहे. मी आयुष्यभर स्थापत्य शिकवले. समाजशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तेव्हा मी हे लिहावे की नाही, हा प्रश्नही शाखेचाच झाला. तो मी बाजूला ठेवतो.

कातडे चुन्याच्या पाण्यात किती दिवस ठेवायचे, काळा दगड कोणत्या शिरेवर फुटतो, विहिरीला पाणी किती हातांवर लागेल, हे ज्ञान या देशात कोणाजवळ होते? ढोरांजवळ, वडारांजवळ, पाथरवटांजवळ होते. पण त्याला शास्त्र म्हणत नसत. शास्त्र ज्यांच्याजवळ होते त्यांनी कुदळ कधी हातात धरली नव्हती. जात केवळ कामे वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात सांगितले. त्या तोडण्याचा एक परिणाम ज्ञानावर झाला: हात एकीकडे राहिला आणि पोथी दुसरीकडे.

इंग्रजांनी १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग काढला, तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. या नव्या विद्येत हात आणि पोथी एकत्र येतील अशी शक्यता होती. घडले निराळे. ज्यांच्या घरी अक्षर होते ते ओव्हरसीअर झाले आणि ज्यांच्या घरी कुदळ होती ते त्याच कामावर बिगारी झाले. मद्रास प्रांतात हेच कसे घडले ते अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ च्या ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या पुस्तकात तपशिलाने दाखवले आहे. हाताने करायची विद्या हळूहळू कागदावरची झाली, आणि कागदावरची झाली तसतशी ती उच्चवर्णीयांची ‘गुणवत्ता’ झाली. आपल्याकडे जोतीरावांना हे फार लवकर दिसले होते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, चुना-दगडाचा हिशेब त्यांना ठाऊक होता. म्हणूनच १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरांना धारेवर धरले. पाणीपट्टी वसूल करता, मग शेतकऱ्याला पाणी मिळेल याची जबाबदारी कोणाची, असा त्यांचा रोख होता. हा प्रश्न अभियांत्रिकीचा की समाजशास्त्राचा? जोतीरावांना कोणी हे विचारले नाही, आणि विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

पदव्युत्तर संशोधनाचा आपल्या समाजातला पहिला मोठा अध्याय अर्थातच बाबासाहेबांचा. तो आपण भक्तिभावाने सांगतो: किती पदव्या, किती तास वाचन, किती पुस्तके. त्या प्रबंधांत लिहिले काय आहे, हे मात्र आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येते. १९१३ च्या जुलैत ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र धरले, पण तेवढ्यावर राहिले नाहीत. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. म्हणजे वित्तव्यवस्थेचा विद्यार्थी जातीवर लिहीत होता, आणि तेही दुसऱ्याच शाखेच्या दारात. आजच्या नियमांत हे बसले असते का, याची मला शंका आहे.

१९२५ साली पुस्तकरूपाने निघालेला ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती’ हा त्यांचा कोलंबियाचा प्रबंध रुक्ष वाटतो. पहिल्या वाचनात मलाही तो आकड्यांचे जंगल वाटला. पण स्थापत्याच्या माणसाने तो सावकाश वाचावा. रस्ता बांधतो इंजिनिअर, पण रस्ता होणार की नाही हे ठरते अंदाजपत्रकात. १८३३ पासून सारा पैसा मध्यवर्ती सरकारच्या तिजोरीत; प्रांताने प्रत्येक खर्चासाठी हात पसरायचा. काटकसर करणाऱ्या प्रांताला काही लाभ नाही, जो जास्त ओरडेल त्याच्या पदरात जास्त. १८७० मध्ये मेयोने काही खाती प्रांतांकडे सोपवली. त्यांत शिक्षण, पोलीस, तुरुंग यांच्याबरोबर रस्तेही होते. तेथून पुढे नेमून दिलेल्या रकमा, मग नेमून दिलेले महसूल, मग वाटून घेतलेले महसूल, असे टप्पे बाबासाहेब एकेक उलगडून दाखवतात. कर कोण देतो आणि त्यातून बांधकाम कोणासाठी होते, हा या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात अंदाजपत्रक हा विषय मी शेकडो मुलांना शिकवला: खडी इतकी, सिमेंट इतके, मजुरी इतकी. पैसा येतो कोठून हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नव्हता आणि आजही नाही.

१९१८ चा ‘लहान शेतजमिनी’वरचा निबंध मला तर प्रबंधांहून धारदार वाटतो. त्या काळचे तज्ज्ञ म्हणत होते की शेताचे तुकडे फार झाले, ते जोडा. बाबासाहेबांनी विचारले, तुकडा लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? शेत परवडते की नाही हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती माणसे आहेत या प्रमाणावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार आहे आणि त्यांतल्या अनेकांना पुरते काम नाही. हे हात शेतीबाहेर कामाला लावा, कारखानदारी वाढवा, मग जमिनीचा प्रश्न सुटू लागेल. भूमिहीनांच्या मुलाने जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर जमिनीबाहेर शोधले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या उत्तराचा दुसरा भाग पंचवीस वर्षांनी आला. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्यात केवळ मजूर नव्हते. बांधकाम, पाटबंधारे, वीज आणि खाणीही होत्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडणी केली ती १९१८ च्या निबंधाचीच पुढची पायरी: स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाही, आणि उद्योग नसेल तर दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. त्याच वर्षी जुलैत दामोदर नदीला महापूर येऊन ऐन युद्धात कलकत्त्याकडे जाणारे लोहमार्ग तुटले होते. पुराच्या चौकशी समितीवर मेघनाद साहा होते. जगभर गाजलेला हा पदार्थवैज्ञानिक खालच्या मानलेल्या जातीतल्या एका लहान दुकानदाराचा मुलगा. विद्यार्थी असताना कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांनी जातीचा जाच सोसला होता. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करणारा हा माणूस आपल्या ‘सायन्स अँड कल्चर’ मासिकात नद्यांवर लिहीत होता. शाखेची भिंत त्यानेही मानली नाही.

१९४५ च्या जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला दामोदरसाठी परिषदा झाल्या, नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांसाठी. कटकच्या भाषणात बाबासाहेबांनी पूरसमित्यांच्या जुन्या विचाराची दिशाच बदलली. पाणी जास्त आले हे संकट समजून ते समुद्राकडे हाकलायचे, बांध घालायचे, एवढेच तोवर चालले होते. त्यांनी सांगितले की या देशाला पाण्याचा सुकाळ झालेला नाही. पाणी अडवा, साठवा, त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक तिन्ही घ्या. हा विचार त्यांच्या एकट्याचा नव्हता. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता आणि तेथला वूर्डविन हा इंजिनिअर आराखड्यासाठी आला होता. पण वित्ताचा विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: नदी दोन प्रांतांतून वाहते आणि तिजोऱ्या वेगळ्या असतात. त्यामुळे खोऱ्यासाठी एक अधिकारमंडळ आणि खर्चाची वाटणी यांवर त्यांचा भर राहिला. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा प्रबंध येथे धरणाच्या पायात गेला, असे मी म्हणतो.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. वूर्डविनच्या आराखड्यात आठ धरणे होती. १९४८ च्या कायद्याने दामोदर महामंडळ झाले आणि १९५३ ते १९५९ या काळात तिलैया, कोनार, मैथन, पंचेत अशी चारच उभी राहिली. वीज झाली, कारखाने झाले, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांत संथाळ आदिवासी मोठ्या संख्येने होते. काँक्रीटचे गणित देशाने नीट शिकून घेतले. उठवलेल्या माणसांचे गणित मात्र धरणाच्या अभ्यासक्रमात शिरलेच नाही. कोयनेपासून सरदार सरोवरापर्यंतचा हिशेब वाचकांना माहीत आहे.

याच काळातली एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष वाचावी. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक दीर्घ निवेदन दिले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात ते सापडते. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमच्या समाजाचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रविद्येचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, ते महाग आहे, आणि म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा. देशातल्या आणि परदेशातल्या अशा शिक्षणासाठी त्यांनी वेगळ्या रकमा मागितल्या. छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची मागणीही केली. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ज्याने स्वतः कायदा आणि अर्थशास्त्र केले तो हे मागत होता!

समाजाच्या बळावर मात्र जे उभे राहू शकले ते १९४६ चे सिद्धार्थ आणि १९५० चे औरंगाबादचे महाविद्यालय. तेथून आमच्या पहिल्या पिढ्या शिक्षक, वकील, कारकून, लेखक होऊन बाहेर पडल्या. दलित साहित्य त्यातूनच जन्मले आणि त्याचा अभिमान मला आहे. पण यंत्रशाळेचे दार आमच्यासाठी उशिरा उघडले. आय.आय.टी. १९५१ पासून होत्या. त्यांत आमच्यासाठी राखीव जागा आल्या १९७३ साली. मधली बावीस वर्षे कोणी मोजली आहेत?

आता गटाराकडे येतो, कारण तेथे दोन्ही शाखा एकाच खड्ड्यात उतरतात. लोक ज्याला चेंबर म्हणतात आणि पुस्तक ज्याला मॅनहोल म्हणते, त्याचे नावच पाहा. केंद्र सरकारच्या मलनिस्सारणाच्या नियमपुस्तकाप्रमाणे ०.९ मीटरहून खोल मॅनहोलच्या झाकणाचे तोंड किमान ५६० मिलिमीटर व्यासाचे असावे. हे माप आले कोठून? मैलापाण्याला एवढे तोंड लागत नाही. ते माणसाच्या खांद्यांचे माप आहे. मी स्वतः हा आकडा फळ्यावर अनेक वर्षे लिहिला आणि मुलांनी वहीत उतरवला. कोणाचे खांदे हे पुस्तकात लिहिलेले नसते.

दुसरा आकडा उताराचा. नळातून पाणी वर्दळीच्या वेळी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहिले पाहिजे, तर गाळ बसत नाही. उतार कमी पडला, किंवा ठेकेदाराने नळ वाकडे बसवले, की गाळ साचतो, तुंबते, खाली हायड्रोजन सल्फाइड जमतो. मग कोणाला तरी उतरवतात. अर्थात प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा आणि लोकसंख्येचा ताण हीही तुंबण्याची कारणे आहेत. पण उतार काढणारा इंजिनिअर कागदावर जी रेघ मारतो तिच्यात पंधरा-वीस वर्षांनी एक माणूस खाली जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येईल हे तर त्याहून आधी ठरलेले असते.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने भंगी कामगारांच्या जीवनाची चौकशी करून १९५२ मध्ये अहवाल दिला. डोक्यावरचे ओझे उतरवा, हे तिचे मुख्य सांगणे. त्यानंतरच्या समित्यांतून आणि सरकारी पत्रकांतून हातगाडी आली, झाकणाची बादली आली. अवजार सुधारले, काम आणि काम करणारी जात तीच राहिली. १९९३ चा बंदीचा कायदा झाला, मग २०१३ चा. या दुसऱ्या कायद्यात व्याख्येला एक पुस्ती आहे: सरकारने ठरवलेली उपकरणे आणि संरक्षक साधने वापरून जो मैला साफ करतो तो हाताने मैला साफ करणारा मानला जाणार नाही. म्हणजे हातमोजा, मुखवटा आणि बूट घातले की माणूस व्याख्येतून बाहेर! हातमोजा ही तंत्राची वस्तू. तिने येथे समाजशास्त्राचे काम केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मरण आलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. केरळातील तरुण इंजिनिअरांनी २०१८ पर्यंत गटार साफ करणारे यंत्रही बनवून दाखवले. यंत्र आहे, कायदा आहे, निवाडा आहे. तरी माणूस उतरतो. हा प्रश्न आता एका शाखेचा कसा राहील?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. स्थापत्यात पदव्युत्तर पदवी, वडील नगरपालिकेत सफाई कामगार. तिला आपल्या शहरातले वारंवार तुंबणारे चेंबर शोधायचे होते. त्यांचा उतार, खोली, नळांचे वय मोजायचे होते, आणि त्याच नकाशावर कोण उतरतो, कोणाच्या ठेक्यावर, किती रोजाने, हेही मांडायचे होते. “सर, दोन्ही एकाच तक्त्यात आले तरच दिसेल,” ती म्हणाली. अभियांत्रिकीच्या समितीने सांगितले, उतार आमचा, माणसे समाजशास्त्राची. समाजशास्त्राच्या विभागाने सांगितले, विषय उत्तम, पण तुमची मूळ पदवी आमच्याकडे चालत नाही. दोन्ही ठिकाणची माणसे दुष्ट नव्हती. नियमावर बोट ठेवून बोलत होती. शेवटी तिने विषय कापला. प्रबंध उताराचा झाला, चांगला झाला. माणसे ऋणनिर्देशात गेली.

असे एकत्र काम होऊच शकत नाही असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या इंजिनिअरने पाणी पंचायत उभी केली. उपसा सिंचनाचे पंप आणि नळ हे त्यांच्या विद्येतले. पण पाणी वाटताना त्यांनी नियम केला की हिस्सा जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरेल: दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. सर्वत्र हे टिकले नाही. भूमिहीनाने हक्काचे पाणी कोणाच्या जमिनीवर ओतायचे, हा पेचही राहिलाच. तरी माणूस मोजल्यावर नळाचे गणित बदलते, हे तेथे सिद्ध झाले. १९२७ साली महाडला जे सांगितले गेले ते येथे नळाच्या मापात उतरले.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत पवईला आय.आय.टी. आहे, १९५८ पासून. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. ती स्थापन झाली १९३६ साली. दोन्ही आवारे हिरवी, शांत. देवनारच्या आवारापासून जवळच शहराचे कचरा टाकण्याचे सर्वांत जुने मैदान आहे आणि त्याच्या कडेने कचरा वेचणाऱ्या दलित-मुस्लिमांच्या वस्त्या. पवईत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले, तेथले विद्यार्थी गावोगावच्या नळयोजना तपासतात. देवनारच्या संस्थेनेही त्या वॉर्डाचा बारकाईने अभ्यास केला. हे मी मान्य करतो, कौतुकाने मान्य करतो. माझा प्रश्न एवढाच की त्या वस्तीतला मुलगा यांपैकी एका आवारात संशोधक म्हणून पोचला, तर त्याला दुसऱ्या आवाराचे दार उघडे असते का?

रोहित वेमुला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आधी जीवविज्ञानाचा संशोधक होता. तेथून तो विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासाकडे वळला. विज्ञानलेखक व्हावे ही त्याची इच्छा होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा त्याच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा हिशेब होता: १ लाख ७५ हजार रुपये. त्याच्या मृत्यूवर पुष्कळ लिहिले गेले, त्याने शाखा का बदलली यावर फारसे नाही. अधिछात्रवृत्ती हा तर या साऱ्याचा पाया. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्याच राज्यातले संशोधक आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसले होते. ज्या वेळात चेंबरची खोली मोजायची त्या वेळात ते मंडपात बसून अर्ज लिहीत होते.

कामे पडून आहेत. मजूर खात्यातील बाबासाहेबांच्या चार वर्षांचे कागद पाटबंधाऱ्याच्या अंगाने वाचणारे मराठी विद्यार्थी मला फारसे भेटले नाहीत. नगरपालिकांच्या जुन्या आस्थापना-नोंदी आणि मलवाहिन्यांचे नकाशे शेजारी ठेवून पाहायचे आहेत. पाणी पंचायतीच्या भूमिहीन सभासदांचे पुढे काय झाले, हे त्यांच्या नातवंडांना विचारायला हवे. बर्वे समितीच्या अहवालाची छायाप्रत माझ्याकडे आहे. तिच्या कडा फाटल्या आहेत, पण तक्ते वाचता येतात. कोणाला नकाशावर उतरवायचे असतील तर पत्र न पाठवता सरळ घरी यावे.